मूठ राखणारी बरणी

मित्रांनो, माझा उजवा कान तुटलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्ट ऐकताना तुमचे लक्ष सारखे तिकडे जायला नको. मी बरणी. जुनी, जाड, वरून तपकिरी आणि खाली मळकट पांढरी. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावरच्या विंडवर्ड गावात, समुद्राकडे तोंड केलेल्या एका लाकडी घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

जन्म मात्र इथला नाही. मला भाजले त्या दिवशी भट्टी अशी तापली होती, की माझ्याबरोबरच्या एकोणचाळीस बरण्या तडकल्या आणि कुंभाराची मिशी जळाली. हे मला शेजारच्या बरणीने सांगितले. तीही तडकलेलीच होती, तेव्हा कितपत विश्वास ठेवायचा ते तुमचे तुम्ही बघा. पुढे पोटात मोहरी घेऊन मी जहाजात बसले. जहाज या बेटाजवळच्या खडकावर चढले. माणसे पोहून वाचली, मी तरंगून वाचले आणि एका होड्या बांधणाऱ्या सुताराच्या जाळ्यात येऊन पडले. तो सुतार मरेपर्यंत सांगत असे, की माझ्या पोटात राजाचे पत्र निघाले. पत्र नव्हते. भिजलेली मोहरी होती. पण त्याने मला सांभाळले, म्हणून मी त्याला कधी खोटे पाडले नाही.

त्याच्या घरात मला आयुष्यभराचे काम मिळाले. नाताळच्या काळ्या केकची फळे मुरवायची. वर्ष सुरू झाले, की मनुका, बेदाणे, सुके आलुबुखार, संत्र्याच्या साली, सगळे बारीक चिरून माझ्या पोटात पडे आणि वरून इथली रम. ही रम इतकी कडक, की तिच्यात बर्फ टाकला तर बुडतो. मी थापा मारते हे गावाला ठाऊक आहे, पण ही थाप नाही. डिसेंबरात केकसाठी फळे काढली, तरी मूठभर मागे राखायची आणि त्यावर नवी घालायची. तुमच्याकडे विरजण राखतात ना, तसेच. सुताराच्या बायकोची मूठ तिच्या मुलीकडे आली. त्या मुलीला पुढे दोन मुली झाल्या. थोरली इस्मे आणि धाकटी युडीन. एवढ्या वर्षांत मला तळापर्यंत रिकामी कुणी पाहिले नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी घराला नवे पडदे लागतात. ते लागले, की आतल्या खोलीत पांढरे कापड अंथरून घरातल्या गेलेल्या माणसांचे ताट मांडतात. भाताचा वळलेला गोळा, मक्याचा गोळा, मासा, आणि माझ्या फळांच्या केकचा तुकडा. त्या ताटात मिठाचा कणही चालत नाही. गेलेली माणसे मीठ खात नाहीत. चुकून पडले, तर ताटाला न शिवता उपाशी परत जातात आणि मग वर्षभर घराला चैन पडू देत नाहीत. दुकानातले लोणी खारे असते, म्हणून मुलींची आई केकात घालायचे लोणीसुद्धा तीन पाण्यांत धुऊन घ्यायची. इस्मे पाणी ओतायची, युडीन लोणी मळायची आणि दोघी भांडायच्या. मी फळीवरून बघायची.

एका नोव्हेंबरात आई गेली. शेवटचे सात महिने तिला इस्मेने उचलले, भरवले, धुतले. युडीनचे विलायतेचे तिकीट आधीच निघाले होते. तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिला काम लागले होते. आईला पुरून आठ दिवस झाले आणि इस्मे पाण्याला गेली असताना युडीनने मला फळीवरून उचलले, आईच्या जुन्या घागऱ्यात गुंडाळले आणि पेटीत घातले. विचारले नाही. कपड्यांच्या अंधारात मला तिचे पुटपुटणे ऐकू येत होते. "घर तिला, वाडी तिला, आईचा पलंग तिला. एक बरणी मला."

नाताळ सरल्यावर इस्मेचे पत्र आले. एकच ओळ होती. "आईचं ताट यंदा केकावाचून राहिलं." युडीनने लिहिलेल्या पत्रांना पुढे कधी उत्तर आले नाही. इस्मेने त्यानंतर काळा केक केला नाही. फळे दुकानात मिळत, रम तर दाराशी मिळे, पण आईच्या मुठीवाचून ती करायला तयार नव्हती. नाताळात घरी आलेल्यांना ती लाल अंबाडीचे सरबत द्यायची आणि वर साधा पिवळा केक. लोक खायचे, पण दुसऱ्या घरी जाऊन बोलायचे.

विलायतेत मला मान मिळाला. धुलाईघरातल्या बायका केकसाठी रांग लावत. मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा एक तुकडा खाऊन भिंतीला धरून घरी गेल्या. पण सगळे दिवस सारखे नसतात. युडीनचे गुडघे गेले, बरोबरच्या बायका पांगल्या, केक खायला कुणी उरले नाही. मग मी नळाखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटल्यांशेजारी गेले. तरी ती दरवर्षी मूठ राखायची, वर नवी फळे घालायची. का घालते, हे तिने स्वतःलाही सांगितले नसावे.

एक्केचाळीस वर्षांनी, सप्टेंबरात, पत्र आले. इस्मेचे नव्हे, तिच्या शेजारणीचे, डॉर्कसचे. "इस्मे पायरीवरून पडली. आता पलंगावरून उठत नाही. डॉक्टर काही बोलत नाही, म्हणजे समज. यायचं असेल तर या नाताळच्या ताटाला ये. त्यानंतरचं मी सांगू शकत नाही."

युडीनने मला बाहेर काढले आणि मांडीवर घेऊन बराच वेळ पुसत बसली. तिला काय हवे होते ते मला तेव्हा कळले. आईची मूठ त्या ताटात जायला हवी होती, आणि इस्मेच्या डोळ्यांदेखत.

विमानाचे तिकीट काढायला गेली, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "आजी, एवढी कडक दारू आम्ही कुठल्याच सामानात घेत नाही. पेट घेते ती."

"तिला पेटायला काडी तरी लागते," युडीन म्हणाली. "मला तीही लागत नाही. नीट बोल."

पण नाही म्हणजे नाहीच. रम ओतून कोरडी फळे नेणे तिला मान्य नव्हते. तेव्हा तिला मावसभाऊ कॉस्मस आठवला. सहासष्ट वर्षांचा गडी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या इकडून तिकडे पोहोचवणारा. त्या हिवाळ्यात एका श्रीमंताची शिडाची होडी विलायतेहून बेटावर न्यायचे काम त्याच्याकडे होते. युडीनने त्याला गाठले.

"कझन, तुला पोहता येतं?" त्याने विचारले.

"तुला स्वयंपाक येतो?"

"नाही."

"मग झालं. मी बुडाले तर तू उपाशी मरशील. सांभाळून ने."

अशी ती अडुसष्टाव्या वर्षी समुद्रावर निघाली. ऑक्टोबरात विलायत सोडली. वाटेतल्या कॅनरी बेटांवर पाणी भरले आणि नोव्हेंबर संपताना पुढचा मोठा पल्ला धरला. मला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ दोरीने बांधले होते. लाटा घराएवढ्या होत्या असे मी पूर्वी सांगत असे. आता वय झाले. घराएवढ्या नव्हत्या, गोठ्याएवढ्या होत्या.

चौदाव्या दिवशी वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखे लोंबू लागले. एक दिवस, दोन, चार. इंजिनाचे तेल बंदरात शिरण्यापुरतेच होते. युडीन रोज सकाळी भिंतीवरच्या तारखेवर बोट ठेवायची आणि मग चहा टाकायची.

आमच्याकडे वारा पडला, की समुद्राला रमचा घोट देतात. होडी पाण्यात ढकलताना देतात, कोणी बुडाले तर देतात, आणि वारा रुसला तर देतात. कॉस्मसच्या बाटलीतला घोट समुद्राच्या वाट्याला उरलाच नव्हता. तो त्यानेच सर्दीवर घेतला होता. पाचव्या दुपारी युडीनचा डोळा लागला. कॉस्मसने माझी दोरी सोडली आणि मला वर नेले.

झाकण काढून तो पाण्याशी बोलू लागला. "म्हाताऱ्या, ही दुकानातली नाही. हिच्यात माझ्या मावशीचा हात आहे. घे, आणि उठ आता. तिकडे एक जण वाट बघतेय."

त्याने ओतली. घोटभर द्यायची होती, पण हात थांबला नाही. पोटातला गोडवा धारेने जाताना मी बघत होते. उडणारे मासे वर आले, तोंडे वासून प्यायले आणि त्यांतले चार परत पाण्यात जायला तयार होईनात. हे मी पाहिले आहे, झाकण उघडेच होते.

आणि वारा उठला. खरोखर उठला. क्षितिजाकडून काळी रेघ धावत आली. कॉस्मस शिडाकडे पळाला आणि मला तिथेच, दोराच्या वेटोळ्यात, उघडी विसरला. होडी कलली, मी घरंगळले, दोर ओढायच्या लोखंडी चक्रावर आपटून माझा कान गेला. पाठोपाठ एक लाट आडवी आली आणि माझ्या तोंडातून आत शिरली. समुद्राने गोड घेतले होते, खारट परत केले.

वादळ निवळल्यावर युडीनने मला उचलले. आत बोट बुडवले, जिभेवर ठेवले. मग झाकण लावले आणि मांडीवर घेऊन खाली बसली.

"वारा आला ना पण," कॉस्मस म्हणाला.

"आला."

"वेळेत पोहोचू आता."

"पोहोचू. सुकाणू धर."

दोन दिवस ती त्याच्याशी जेवणापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी तो काकुळतीला आला. "अगं, शिव्या तरी दे."

"राखून ठेवल्यात. इस्मे मला जेवढ्या देईल, तेवढ्या तुला पोचत्या करीन."

मग तिने लोण्याचा उपाय केला. पिण्याचे पाणी मोजके होते. आपल्या वाट्याच्या कपातले पाणी तिने माझ्यात ओतले, फळे हलक्या हाताने धुतली आणि ते पाणी समुद्रात टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी तिचे ओठ सुकलेले असत आणि दर वेळी बाहेर पडणारे पाणी काळसर, दाट, वासाचे असे. तिसऱ्या पाण्यानंतर तिने चव घेतली. मीठ उरलेच होते. आता फळेही मूठभरच राहिली होती.

"अजून एकदा धू," कॉस्मस म्हणाला. "हवं तर माझ्या कपातलं घे. जाईल मीठ."

"मीठ जाईल आणि आईही जाईल. रंग बघ त्या पाण्याचा."

त्याने पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, "इस्मेला सांगू नकोस. केकात साखर एवढी असते, कळतंय कोणाला?"

"केक खाणार कोण आहे, कॉस्मस? मेलेली माणसं. त्यांना कळतं."

तिने फळांवर साखर पेरली, मेणकापडाने माझे तोंड बांधले आणि पुढचे दिवस मला उशाशी घेऊन झोपली. झोप लागत नव्हती, एवढे सांगते.

चोवीस तारखेच्या सकाळी बेट दिसले. नाताळचे वारे मागून ढकलत होते. किनाऱ्यावर होड्यांचे अर्धवट सांगाडे उभे होते आणि सुतारांनी कामाला सुट्टी दिली होती. घरोघरी रंगाचा वास येत होता. अंगणांत तीन दगडांवर, रॉकेलच्या डब्यांत हॅम शिजत होते. बायका हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि कॉस्मसबरोबर कोण म्हातारी चालली आहे, ते डोके न उचलता बघत होत्या. एकाच घराचे जुने पडदे काढून टाकलेले होते आणि नव्यांचा पत्ता नव्हता.

दारात डॉर्कस उभी होती. "आलीस. सावकाश चढ, तिसरी पायरी सैल आहे. तिथूनच पडली ती. कापड आणून ठेवलंय, पण पडदे शिवू देत नाही. म्हणते, कोण येणारे बघायला."

इस्मे खिडकीजवळच्या पलंगावर होती. आईचाच पलंग. अंगावर चादर होती, पण खाली माणूस आहे की नाही असे वाटावे इतकी ती बारीक झाली होती. डोळे मात्र पूर्वीचेच. तिने बहिणीकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"कान कुठं गेला तिचा?"

"समुद्रात."

"चाळीस वर्षं तिकडं धड राहिली, आणि माझ्याकडं येताना फुटली."

"एक्केचाळीस," युडीन म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

बस, असे ती म्हणाली नाही. युडीन मला पोटाशी धरून उभीच राहिली. गुडघे दुखत होते, ते मला तिच्या हातांतून कळत होते.

"तुला वाटलं असेल, मी रडेन," इस्मे म्हणाली.

"नाही. वाटलं, तू दार लावून घेशील."

"दारापर्यंत उठता आलं असतं तर घेतलंच असतं, डीन."

डीन हे तिचे लहानपणचे नाव. ते कानावर पडले आणि युडीनची पकड एकदम सैल झाली, इतकी की मी जवळजवळ पडलेच होते.

"आईची मूठ आहे तिच्यात?"

"आहे."

"आजच्या ताटाला पुरेल?"

दाराशी उभ्या कॉस्मसने मान हलवली. सांगू नकोस, असे त्याला म्हणायचे होते. युडीनला ते दिसले. तिने डोळे वळवले.

"पुरेल, पण चालणार नाही," ती म्हणाली. "खारं पाणी गेलंय तिच्यात. तीन पाण्यांत धुतली. निघालं नाही."

"माझ्यामुळे झालं ते," कॉस्मस पुढे आला. "वारा नव्हता, म्हणून मी..."

"तू गप," इस्मे म्हणाली. "तुला कोणी विचारलं? लहानपणापासून दुसऱ्याच्या बाटलीतली समुद्राला पाजतोस तू."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात डब्यावरचे झाकण खडखडत होते.

"म्हणजे आईच्या ताटात यंदाही केक नाही," इस्मे म्हणाली.

"नाही."

"मग एवढ्या समुद्रावरून कशाला आणलीस ही?"

"सांगायला," युडीन म्हणाली. "की मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू दिली नसतीस. म्हणून नाही विचारलं."

"नसतीच दिली." इस्मे खिडकीबाहेर पाहू लागली. मग म्हणाली, "मूठ दिली असती. एखाद्या डब्यात घालून. अर्धी तुला, अर्धी मला. दोन्हीकडं वाढली असती."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ऐकले आहे. इतके साधे आणि इतके उशिरा आलेले वाक्य दुसरे ऐकले नाही. युडीन तशीच, मला घेऊन, पलंगाच्या कडेला बसली. आता तिला कुणी बस म्हणायची गरज नव्हती.

"सोड ते मेणकापड," इस्मे म्हणाली.

"अगं, ताटाला चालायचं नाही म्हटलं ना."

"ऐकू येतं मला. ताट मेलेल्यांचं. मी मेलेय का?"

"नाही."

"मग मला मीठ चालतं."

तिने हात पुढे केला. युडीनने गाठ सोडली, दोन बोटांनी एक मनुका काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. इस्मेने तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिली. मग दुसरा. मग संत्र्याच्या सालीचा एक काळा तुकडा. प्रत्येकाला वेळ लागत होता. कुणी घाई केली नाही.

"खारट आहे," ती म्हणाली.

"हो."

"आईच्या हातची आहे पण."

इस्मेने उरलेल्या फळांकडे बोट केले. "ती राहू देत. मूठ नाही, चिमूट झाली. चिमटीनंसुद्धा विरजण लागतं." मग डॉर्कसला म्हणाली, "ते पडद्याचं कापड काढ. हिला शिवायला दे. शिवता येतं ना, का धुता धुता तेही विसरलीस तिकडं?"

संध्याकाळी पडदे लागले. एक वितीने आखूड होता. आईचे ताट केकावाचून मांडले गेले. आई एक्केचाळीस वर्षे थांबली आहे, अजून एक वर्ष थांबेल, असे इस्मेच म्हणाली. सकाळी लोक आले, तेव्हा त्यांना सरबत मिळाले आणि तोच पिवळा केक. पण या खेपेला खाऊन ते लगेच उठले नाहीत.

इस्मेला मीठ चालले ते फेब्रुवारीपर्यंत. त्या दोन महिन्यांत तिने मला पुन्हा भरताना पाहिले. पलंगावरून ती सांगायची, किती चिरायचे, किती ओतायचे, आणि चुकले की जी बोलणी बसत ती युडीन कॉस्मसला पोचती करायची.

यंदाच्या नाताळला युडीनने लोणी तीन पाण्यांत धुतले. पाणी तिनेच ओतले आणि मळलेही तिनेच. फळांत मिठाची चव उरली नव्हती. ताटात केकचे दोन तुकडे ठेवले, एक आईचा आणि एक इस्मेचा. नंतर तिने राखलेल्या मुठीतली अर्धी एका काचेच्या बाटलीत घालून डॉर्कसला दिली. आता गावात कोणी मागितले तर देते. माझी पिल्ले नऊ घरांत आहेत असे मी सांगते. खरी पाच असतील.

मित्रांनो, बरणी जपा, असे मी सांगायला हवे. बरणीने आणखी काय सांगायचे. पण बरणी जपणे सोपे असते; फळीवर ठेवली आणि वर्षातून एकदा पुसली, की झाले. माणसाला असे ठेवून देता येत नाही. घरातले काही तुम्ही न विचारता नेले असेल, तर ते परत न्या. कान तुटला असला तरी न्या, खारट झाले असले तरी न्या, आणि खारट झाले आहे हे लपवू नका. फक्त उशीर करू नका. समोरचे माणूस मीठ खाते आहे, तोवर पोहोचा.